वीस सोडून पुढचे

मित्रांनो, मला उचलाल तेव्हा जरा जपून उचला. माझ्यावर एक पिवळे कार्ड ओवलेले आहे. ते काढू नका.

मी एक जुनी सळई आहे. दीड वीत लांब, एका टोकाला घासून गुळगुळीत केलेली, दुसऱ्या टोकाला तांबड्या सुताची मूठ असलेली. नागपुरातल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात, भिंतीला लावलेल्या टेबलाच्या खालच्या खणात मी आता पडून असते. खण उघडला की उजेड येतो, बंद झाला की जातो. एवढाच माझा दिवस.

मी सळई म्हणून जन्माला आले नाही. मी सायकलच्या मागल्या चाकातला स्पोक होते. सायकल दवाखान्यातल्या कंपाउंडरची, ओमप्रकाशची. आम्ही चाळीस जणी एका चाकात ताणून बसवलेल्या होतो आणि नागपूरच्या रस्त्यांवरून दिवसभर गरगर फिरत होतो. एकदा लोहापुलाजवळच्या खड्ड्यात चाक वाकडे झाले. बाकीच्या सगळ्या भंगारात गेल्या. मी तेवढी सरळ राहिले.

त्याच आठवड्यात दवाखान्यातली कार्डे निवडायची पोलादी सुई हरवली होती. ओमप्रकाशने मला उचलले आणि सायकलवाल्या महादेवरावांसमोर धरले.

"इसकी नोक घिस दो, महादेवराव. दवाखान्यात पाहिजे."

"कोणाले टोचता गा हे? माणूस मरन ना!"

"माणसाला नाही. कागजाला."

महादेवराव हसले, पण दगडावर घासून त्यांनी मला चांगले टोक काढून दिले.

तो दवाखाना कुत्रा चावलेल्यांचा होता. गावोगावचे लोक तिथे येत. कोणाला पिसाळलेला कुत्रा चावलेला, कोणाला कोल्हा, कोणाला माकड. प्रत्येकाला पोटात चौदा दिवस चौदा इंजेक्शने घ्यावी लागत. घेतली तर माणूस वाचे. न घेतली, आणि कुत्रा खरोखर पिसाळलेला असला, तर पुढे काहीच उपाय नसे. रोग एकदा वर आला की डॉक्टरसाहेब हात धुऊन खुर्चीत बसत. तो रोग मी कधी पाहिला नव्हता. पण त्याचे नाव निघाले की खोलीतले आवाज खाली येत.

प्रत्येक रोग्याचे एक पिवळे कार्ड असे. कार्डाच्या चारही कडांना भोके. वरच्या कडेचे पहिले भोक म्हणजे डोक्याला चावा, दुसरे म्हणजे हाताला, तिसरे म्हणजे पायाला; त्यापुढची भोके कोणते जनावर चावले त्याची. डाव्या कडेला महिने. उजवीकडे गाव. खाली, कोणत्या खेपेच्या बाटलीतून इंजेक्शन दिले ते. जी गोष्ट त्या रोग्याला लागू असे, तिचे भोक कात्रीने कडेपर्यंत कापून खाच करत. मग शेकडो कार्डांचा गठ्ठा नीट जुळवायचा, हव्या त्या भोकातून मला आरपार घालायचे, आणि मला वर उचलून हलवायचे. ज्यांना खाच आहे ती कार्डे खाली पडत. ज्यांना नाही ती माझ्यावर लटकून राहत.

हवे ते पडते, नको ते लटकते. मित्रांनो, हा माझ्या आयुष्याचा नियम होता. तो लक्षात ठेवा.

माझे काम मनकर्णाबाईंच्या हाती होते. त्या दवाखान्यात आया होत्या. वय बावन्न, केस अर्धे पिकलेले, तळवा खरबरीत. त्यांना अक्षर येत नव्हते. पण कोणते भोक कशाचे, हे त्यांना पाठ होते, आणि त्यांचा हात कधी चुकला नव्हता. म्हणून डॉक्टरसाहेबांनी कार्डे त्यांना दिली. एकदा बाहेरगावचे मोठे अधिकारी पाहायला आले. चारशे कार्डांतून कोल्हा चावलेले सगळे मनकर्णाबाईंनी पाच मिनिटांत काढून दिले. अधिकाऱ्यांनी मला हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिले. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. आता वाटते, तेवढा वाटायला नको होता.

एकोणऐंशी सालच्या मे महिन्यात बळीराम आला. खापा गावचा विणकर. कुत्र्याने उजव्या हाताचा लचका तोडला होता, त्याच हाताने तो मागावर धोटा फेकत असे. रोज सकाळी एसटीने यायचा, पोटावर इंजेक्शन घ्यायचा आणि जाताना काहीतरी बोलून सगळ्यांना हसवायचा.

"डॉक्टरसाहेब, चौदा झाले की माह्या पोटात पाणी राहीन का, का गळन?"

एक दिवस त्याने मनकर्णाबाईंचा तळवा पाहिला. मी टोचून टोचून तिथे लाल वण पडला होता.

"हे काय वं बाई? मूठ नाही का याले?"

"सायकलचा स्पोक हाये, भाऊ. त्याले कुठची मूठ?"

बळीरामने खिशातून तांबड्या सुताची गुंडी काढली. बाकावर बसल्या बसल्या, एक हात बांधलेला असताना, दाताने दोरा धरून त्याने माझ्या टोकावर घट्ट मूठ विणली.

"आता पाय. आणि माह्यावाले इंजेक्शन झाले की तुमच्यासाठी एक पंचा विनून आनतो. काठ याच रंगाचा."

"आना तर खरं. बोलाले काय जाते!"

"बोललो तर आननच, बाई."

तेव्हापासून मला कोणी हात लावला की तो आधी त्याच्या सुताला लागे.

आता जे घडले ते सांगते. त्याच मेमध्ये, एका शनिवारी, दवाखान्याच्या कमिटीची बैठक झाली. नागपूरचा मे तुम्हाला माहीत आहे. भिंतीला हात लावला तर चटका बसतो. खोलीत तीन पिनांचे विजेचे सॉकेट एकच, आणि त्यावर औषधांचा फ्रीज. कोणीतरी फ्रीजची पिन काढली आणि कूलरची लावली. बैठक झाली, सरबत झाले, सगळे घरी गेले. कूलर बंद केला. फ्रीजची पिन कोणी परत लावली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओमप्रकाश पहिला आला. फ्रीजखाली पाणी साचले होते. मी खिळ्यावर टांगलेली होते. मी पाहिले. त्याने दाराकडे बघितले, फडक्याने पाणी पुसले, पिन लावली आणि फ्रीजला कान लावून उभा राहिला. फ्रीज घुरघुरू लागला. ओमप्रकाशने फडके पिळले आणि खिडकीत वाळत घातले. दहा वाजेपर्यंत ते वाळून गेले.

पुढचे सतरा दिवस त्याच बाटल्या वापरल्या.

जूनच्या मध्यावर इतवारीतले एक म्हातारे दवाखान्यात आणले. त्यांनी चौदाच्या चौदा इंजेक्शने घेतली होती. दुसऱ्या दिवशी ते गेले. डॉक्टरसाहेबांनी त्यांचे कार्ड टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "असे व्हायला नको होते. चौदा पूर्ण झाली होती." मग त्यांनी मान वर केली. ओमप्रकाश समोर उभा होता. तो रडायलाच लागला.

"साब, फ्रीज... वो मीटिंग के दिन..."

डॉक्टरसाहेब त्याला रागावले नाहीत. रागवायला वेळ नव्हता. ते एवढेच म्हणाले, "मनकर्णाबाई, त्या खेपेची सगळी कार्डे काढा. आत्ता."

 खालच्या कडेच्या चौथ्या भोकातून मनकर्णाबाईंनी मला घातले आणि उचलले. कार्डे पडू लागली. एवढी कार्डे एका वेळी पडताना मी कधी ऐकली नव्हती. अडतीस.

मग त्यांची रांग लावायची होती. चावा डोक्याच्या जितका जवळ तितकी घाई जास्त. आधी डोक्याचे भोक, मग हाताचे, मग पायाचे. नऊ कार्डे पुढे, सोळा मध्ये, तेरा मागे. त्या क्रमाने त्यांनी सगळी कार्डे एका लांब नाडीत ओवली. कार्ड नाडीतून काढायचे नाही, रोगी समोर आल्यावरच काढायचे, असा तिथला कडक नियम होता. एकदा कूलरच्या वाऱ्याने सुटी कार्डे उडून तीन माणसांचा पत्ताच हरवला होता. कार्डावर पेनने खूणही करायची नाही, हा दुसरा नियम. आधीच्या कंपाउंडरने खुणा करून करून कार्डे वाचेनाशी केली होती. दोन्ही नियम चांगले होते. दोन्ही नियम पाळले गेले.

नवी लस रोज वीस जणांपुरतीच मिळणार होती. म्हणून डॉक्टरसाहेब म्हणाले, आज पहिले वीस बोलवा, उद्या राहिलेले. ओमप्रकाशने नाडीवरची पहिली वीस कार्डे उलटत उलटत जावक वहीत नावे लिहिली. बाहेरगावी तारा गेल्या. शहरातल्यांकडे तो स्वतः सायकलने गेला.

संध्याकाळपर्यंत त्यातले तिघे येऊनही गेले. त्यांची कार्डे मनकर्णाबाईंनी नाडीतून काढून 'आले' लिहिलेल्या डब्यात ठेवली. नियमाप्रमाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओमप्रकाश वही उघडून बसला.

"काल किती झाले, मनकर्णाबाई?"

"वीस."

"तर वीस सोडा. पुढचे द्या."

मनकर्णाबाईंनी मला नाडीशेजारी धरले आणि माझ्या टोकाने एकेक कार्ड मागे सारत मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. त्या कडा मोजत होत्या. नाव त्यांना वाचता येत नव्हते. सतरा. अठरा. अठरावे कार्ड माझ्या टोकाला लागले आणि मी ओळखले. काल ते एकविसावे होते. पुढची तीन डब्यात गेली, म्हणून मागची तीन पुढे सरकली होती. एकोणीस. वीस. त्या तिघांना कोणी बोलावलेच नव्हते, आणि मनकर्णाबाईंनी त्यांना बोलावलेल्यांत ढकलून दिले.

मी लोखंड आहे. मला तोंड नाही.

"पंधरा हायेत," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"अच्छा, पंधरा," म्हणून ओमप्रकाशने पंधरा नावे लिहिली.

अठरा हवी होती. वजाबाकी कोणीच केली नाही.

त्यानंतरचे दिवस मी खिळ्यावरून पाहिले. लोक येत होते, नाडीवरची कार्डे कमी होत होती, डबा भरत होता. रोज कोणीतरी म्हणे, चला, बरे झाले. पंचवीस आले. एकतीस आले. शेवटी पस्तीस आले. नाडीवर तीन कार्डे राहिली. पंख्याच्या वाऱ्याने ती एकमेकांवर हळूच आपटत. टक, टक. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"हे तिघं काहून नाही आले?" मनकर्णाबाईंनी विचारले.

"अरे बाई, बुलाया तो था. एकदा सुईतून सुटला तर कोण परत येते?" ओमप्रकाश म्हणाला.

असेच चार दिवस गेले.

मित्रांनो, त्याच वर्षी मनकर्णाबाईंच्या वस्तीतल्या विहारात मोठ्या माणसांसाठी अक्षरांचा वर्ग सुरू झाला होता. काम संपले की त्या पाटी घेऊन तिकडे जात. त्यांचे जोडाक्षर अजून अडखळत होते. त्या दिवशी दुपारी दवाखाना रिकामा असताना त्यांनी नाडीवरचे पहिले कार्ड हातात घेतले, आणि पहिल्यांदाच त्याची कडा न बघता वरची ओळ बघितली.

"ब... बळी... बळीराम." त्या थांबल्या. "अवं माय. हा तर आपला बळीरामभाऊ!"

"तो खाप्याचा? अब उसको कहाँ फुरसत," ओमप्रकाश म्हणाला.

"तो येते. बोलावलं तर येतेच. मले पंचा द्याचा हाये त्याले."

त्यांनी जावक वही ओढली आणि बोट ठेवून एकेक नाव वाचायला घेतले. फार वेळ लागला. बाहेर सायकलींच्या घंट्या वाजत होत्या. पान संपले, दुसरे झाले.

"ओमप्रकाशभाऊ, याच्यात बळीराम नाही."

"होगा नीचे."

"खाली बी नाही. आणि रेघा पस्तीसच हायेत."

ओमप्रकाशच्या हातातली बाटली टेबलावर टेकली. त्याने वही स्वतःकडे फिरवली. मग तो डॉक्टरसाहेबांच्या खोलीत गेला. आतून डॉक्टरसाहेबांचे एकच वाक्य ऐकू आले.

"म्हणजे बारा दिवस तिघांना लसच नाही?"



तिन्ही कार्डे हरवू नयेत म्हणून मनकर्णाबाईंनी ती माझ्यावर ओवली, मला कापडी पिशवीत घातले आणि चप्पल घातली. निघताना डॉक्टरसाहेब म्हणाले, "चाव्याच्या जागी मुंग्या येतात का, विचारा. आणि पाणी पितात का, बघा. मुंग्या असल्या, पाणी पिता येत नसले, तर..." 

पहिले घर नागपुरातल्याच महाल भागात होते. इंदूबाई गच्चीवर कुरड्या राखत बसल्या होत्या. हकिकत ऐकून त्या तशाच उठल्या. आधी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्या. मनकर्णाबाई त्यांच्या गळ्याकडे बघत राहिल्या. एक कार्ड माझ्यावरून उतरले.

दुसरा रवींद्र, नरखेडकडच्या एका गावातला. संत्र्याच्या बागेत विहिरीवर मोटर दुरुस्त करत होता.

"पुन्हा चौदा? तुम्ही काय माह्या पोटाची चाळणी करून राहिले का?"

"चाळणी झाली तर होऊ दे बाबू. मुंग्या येतात का हाताले?"

"मुंग्या नाही येत. राग येते."

"पाणी पी बरं माह्यासमोर."

तो पंपाच्या धारेलाच ओंजळ लावून प्यायला. मनकर्णाबाई हसल्या आणि त्याच क्षणी त्यांनी डोळे पुसले. दुसरे कार्ड उतरले.

मग मी एका कार्डासह खाप्याच्या एसटीत बसले. पिशवीतून मला काही दिसत नव्हते. माझ्या मुठीवर मनकर्णाबाईंचा हात होता, आणि तो सगळ्या वाटेत सुटला नाही.

विणकरांच्या गल्लीत मागांचा खटखट आवाज भरलेला होता. चालता चालता तो आवाज एका घरापाशी तुटला. आजूबाजूचे सगळे माग चालू, तिथलाच बंद.

दारात बळीरामची बायको कांताबाई उभी होती.

"दवाखान्यातल्या बाई का? बरं झालं आल्या. दोन दिवसांपासून हाताले मुंग्या येऊन राहिल्या म्हणते. जेवत नाही, काही नाही. उनाचं असन, मी म्हटलं."

बळीराम आत खांबाला टेकून बसला होता. मनकर्णाबाईंना पाहून त्याने हसायचा प्रयत्न केला.

"आल्या का बाई! तुमचा पंचा मागावरच हाये. चार बोटं राहिला." त्याचा आवाज घासत होता.

पाहुणी आली म्हणून कांताबाईने रीतीप्रमाणे तांब्या भरून आणला. पाणी हलले, त्यावर उजेड हलला. बळीरामने एकदम तोंड भिंतीकडे फिरवले. त्याचा हात गळ्याशी गेला, आणि गळा आपोआप आवळला गेल्यासारखा त्याचा श्वास अडकला.

मनकर्णाबाईंनी पटकन तांब्या घेऊन आपल्या पाठीमागे ठेवला.  शेजारचे माग चालूच होते.

थोड्या वेळाने बळीराम म्हणाला, "काहून बाई, एक चिठ्ठी टाकाची होती. मी पायी आलो असतो."

मनकर्णाबाईंना खोटे बोलता आले असते. तार गेली होती, वाटेत हरवली, असे म्हणता आले असते.

"तुमचं कार्ड मोजण्यात राहिलं, भाऊ. माह्या हातानं राहिलं."

 बळीरामची नजर पिशवीतून बाहेर आलेल्या तांबड्या मुठीवर गेली. त्याने डाव्या हाताने मला चाचपले.

"हे माहं सूत हाये," तो म्हणाला. "पक्कं हाये. सुटत नाही."

त्याला जीपने नागपूरला आणले. डॉक्टरसाहेबांनी काय करता येईल ते केले. करण्यासारखे फार नव्हते. चौथ्या दिवशी सकाळी कांताबाई एकटी बाकावर बसलेली मी पाहिली.

त्याचे कार्ड मनकर्णाबाईंनी कोणत्याच डब्यात ठेवले नाही. ओमप्रकाश एकदा म्हणाला, मी काढतो. त्या म्हणाल्या, "हात नको लावू गा." मग त्यांनी पाटी भिंतीला टांगली. त्या दिवसापासून त्या दवाखान्यात कोणी कार्डे मोजून पुढे गेले नाही. दिवस संपला की शेवटी कोणाला बोलावले त्याचे नाव मनकर्णाबाई स्वतःच्या वाकड्या अक्षरात पाटीवर लिहीत, आणि सकाळी ते नाव वाचून त्याच्या पुढच्या कार्डापासून सुरुवात करत. आणि बोलावलेले किती, आलेले किती, राहिलेले किती, याची बेरीज रोज ओमप्रकाश उभा राहून मोठ्याने वाचे. त्याचा आवाज दर वेळी एका जागी अडखळे. ती जागा कोणती, हे सगळ्यांना माहीत होते.

त्याला आता सात वर्षे झाली. मनकर्णाबाई गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी मला खणात ठेवले. मोठ्या कचेऱ्यांतून आता यंत्रे आली आहेत म्हणे. काय हवे ते सांगितले की क्षणात नावे निवडून, रांगेत लावून, वीस-वीस करून पुढे ठेवतात. ती माझ्याहून हजारपट वेगाने चाळत असतील. चाळोत. पण मित्रांनो, उद्या तुमच्यासमोर अशी वीस नावे आली, तर ती वाचून उठू नका. एकविसावा कोण, ते विचारा. काल आणि आज यांच्यामध्ये रांग हलली का, ते विचारा. रांगेतून जो कोणी दिसेनासा होतो त्याचा आवाज येत नाही. तो घरी बसून तुमच्या चिठ्ठीची वाट पाहत असतो, आणि आपण बोलावलेच गेलो नाही हे त्याला ठाऊकही नसते.

मी खणात उघडी नाही. एका पांढऱ्या पंच्यात गुंडाळलेली आहे. कांताबाईने तो मागावरून कापून आणून दिला. काठ तांबडा आहे. चार बोटे कमी आहे.

आणि ते कार्ड माझ्यावर आहे. जे नको ते लटकून राहते, असा माझा नियम होता. तो खोटा होता.